काउंटीचा इलेक्शन डेटा पहिल्यांदाच हातात घेताय? माझा अनुभव

जीआयएसमध्ये (कॉम्प्युटरवर नकाशे आणि डेटा जोडून अभ्यास करण्याचं शास्त्र) मास्टर्स करायला अमेरिकेत आले तेव्हा पहिला प्रोजेक्ट म्हणून मी राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचं काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) मतदान घेतलं, तर मला जे जे अडलं ते सांगते.

आधी फिप्स कोड. प्रत्येक काउंटीला पाच आकडी कोड असतो, अलाबामाचे ०१ ने सुरू होतात आणि एक्सेल ते सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं, मग कोडवरून नकाशाशी जॉइन केलं की अख्खा अलाबामा कोरा! माझे दोन दिवस यातच गेले, तो कॉलम टेक्स्ट म्हणूनच घ्या. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली, कोडही बदलला, त्यामुळे २०१२ आणि २०१६ जोडताना ती गळते.

मग रंग. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती आणि लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटीच्या आसपास, पण नकाशात रंग जमिनीला मिळतो माणसांना नाही, म्हणून मतांच्या आकड्यानुसार लहानमोठे गोल काढा.

मला खरं वेड लावलं ते ब्लॅक बेल्टने. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियाच्या लाल (रिपब्लिकन) भागातून निळ्या (डेमोक्रॅट) काउंट्यांची एक कमान जाते. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळात, तिथे उथळ समुद्र होता, तळाशी चुन्याचा गाळ साचला, पुढे त्यावर काळी कसदार माती झाली, त्या मातीत कापूस आला, कापसासाठी गुलाम करून आणलेली माणसं आली, आणि आज तिथल्या बऱ्याच काउंट्यांत त्यांचेच वंशज बहुसंख्य आहेत. १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टपर्यंत त्यातल्या बहुतेकांना मत देऊच दिलं जात नव्हतं, म्हणून जुन्या नकाशांत ही कमान अशी दिसत नाही. मी यवतमाळची, काळ्या रानात कापूस वेचलाय, त्यामुळे मतांवर मातीचा लेयर टाकला तेव्हा बराच वेळ स्क्रीनसमोर नुसती बसून होते.

पॅटर्न बदलतातही. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी, जवळपास सगळी हिस्पॅनिक वस्ती, २०२४ मध्ये ट्रम्पकडे गेली, त्याआधी तिथे रिपब्लिकन जिंकला होता १८९२ मध्ये. इथे मी रिपोर्टमध्ये लिहिलं की डेमोक्रॅट मतदारांनी पक्ष बदलला, सरांनी ते वाक्य खोडलं, आणि बरोबरच खोडलं, कारण काउंटीच्या बेरजेवरून कोणी मत फिरवलं आणि कोण घरीच बसलं हे कळत नाही. त्यासाठी प्रिसिंक्टचा (काउंटीतला मतदानाचा सगळ्यात छोटा विभाग) डेटा आणि सर्व्हे लागतात, एका सेमिस्टरमध्ये पन्नास राज्यांचं ते होत नाही, तेव्हा एकच राज्य घ्या. फक्त अलास्का नको, तिथले निकाल काउंटीप्रमाणे येतच नाहीत.