ओव्हरस्पीडला गाडी अडवली तर: टुरिस्ट ड्रायव्हरनं काय काय तयार ठेवायचं

आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस, परमिट, बॅज हे कुणाला शिकवायची गरज नाही. डिजीलॉकर नाहीतर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये असलं तरी चालतं, फक्त फोनला चार्जिंग असू द्या. ड्रायव्हर मार खातो तो लायसन जमा झाल्यावर मिळणाऱ्या पावतीत. ती कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती, आणि त्याचा भुर्दंड शेठनं, म्हणजे गाडीमालकानं, अजून ऐकवायचा सोडलेला नाही. म्हणून पावतीचं इथं परत परत येणार. कंटाळा आला तरी वाचा.

निघण्याआधी आपल्या गाडीची मर्यादा पाठ हवी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ताशी १०० किलोमीटरचा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, पण तो आठ प्रवाशांपर्यंतच्या गाडीचा. नऊ किंवा जास्त प्रवासी, म्हणजे ट्रॅव्हलर, मिनीबस, बस, यांना सपाटीला ८० आणि घाटात ४०. इनोव्हाला घाटात ६०. इनोव्हावरून ट्रॅव्हलरवर आलेला गडी जुन्याच सवयीनं हाणतो आणि इथंच सापडतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० आहे म्हणून ट्रकनं हुरळून जायचं नाही, त्याला ८० च. एक्स्प्रेसवेवर २०२४ च्या जुलैपासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे, त्यामुळे इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गाडी, दिसली की ब्रेक मारायचा ही हुशारी आता कामाची नाही.

हात दाखवला की गाडी कडेला, इंजिन बंद, पार्किंग लाइट चालू, पॅसेंजरना आतच बसायला सांगा. उतरून त्यांनी हुज्जत घातली की तुमचंच नुकसान. महामार्ग पोलीस असोत की आरटीओचं वायुवेग पथक (रस्त्यावर फिरून तपासणी करणारं), एकच गोष्ट नम्रपणे मागा: साहेब, रीडिंग दाखवा. किती वेग, कुठल्या ठिकाणी, किती वाजता. एका माणसाच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा शाबीत होत नाही, यंत्राची नोंद लागते, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्येच आहे. पण हे कलम तिथं तोंडावर फेकायचं नाही. रीडिंग बघा, किलोमीटरचा दगड लक्षात ठेवा, बाजूला होऊन लिहून काढा. घाटाची मर्यादा कुठं सुरू होते यावर पुढं सगळं अडतं. तोडपाणीच्या भानगडीत पडू नका.

आता दंड. हलक्या गाडीला १,००० ते २,०००, मध्यम आणि जड गाडीला २,००० ते ४,०००. दंड भरला की विषय संपला असं नव्वद टक्के ड्रायव्हर समजतात. संपत नाही. तडजोडीनं, म्हणजे कोर्टात खटला न चालवता, भरलेला दंडसुद्धा पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो, आणि दंड भरल्यानं लायसनवरची कारवाई टळत नाही. कलम २०० मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. पहिल्या वेळी बहुतेकदा दंडावर भागतं, दुसऱ्यांदा मात्र लायसन जप्तीचं थेट कलमातच आहे. म्हणून गाडीवर जुनी ई-चलनं किती आहेत आणि त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं, हे शेठकडून आधीच समजून घ्या. दुसऱ्याचं पाप आपल्या नावावर नको.

लायसन घेतलं. पावती मिळाली. थांबा. वाचा. तिच्यावर कलम कुठलं आहे? कलम २०६ च्या पोटकलम ३ खालची पावती असेल तर पावतीवर दिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पोटकलम ४ खालची असेल तर येत नाही. दोन्ही पावत्या दिसायला सारख्या, शिक्का सारखा, सही तशीच वेडीवाकडी. फरक कंसातल्या एका आकड्याचा, २०६(३) की २०६(४). आणि वेगाच्या गुन्ह्याला लागतं ते पोटकलम ४. पुन्हा सांगतो: ती पावती म्हणजे लायसन नव्हे. लायसन परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवायची नाही. पुढच्या टोलनाक्यापर्यंत नाही, पॅसेंजरला हॉटेलवर सोडण्यापुरती नाही, कडेची गाडी पेट्रोलपंपावर लावायलासुद्धा नाही. आकडा वाचता येत नसेल तर साहेबांनाच विचारा, ‘साहेब, यावर चालवू का?’ विचारायला लाज कसली.

कधी कधी कार्ड घेतच नाहीत, नोंद थेट सारथी या सरकारी लायसन पोर्टलवर होते. मग माणूस खिशातलं कार्ड बघून निवांत होतो. कार्ड खिशात आहे म्हणजे लायसन चालू आहे असं नाही. सारथीवर स्टेटस बघा. पावती असो नसो, स्टेटस बघा.

चालवलीच आणि पुन्हा सापडलात तर लायसनशिवाय गाडी चालवल्याचा दंड ५,०००, गाडी हातात दिली म्हणून शेठला वेगळे ५,०००. मध्ये अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसनच मागते, मग भरपाई शेठच्या बोकांडी. म्हणून लांबच्या ट्रिपला निघताना त्या पट्ट्यातल्या दोन-तीन बदली ड्रायव्हरांचे नंबर फोनमध्ये हवेत. लोणावळा, सातारा, नाशिक, जिथं जाणं-येणं असेल तिथले. पावती वाचली की पहिला फोन शेठला, दुसरा बदलीला. पॅसेंजरला खरं सांगा, तासाभरानं दुसरा माणूस येतोय म्हणून. ओरडतील, ओरडू द्या.

पावतीचा फोटो तिथंच काढा. मशीनचा कागद डॅशबोर्डवर दोन दिवस उन्हात राहिला की कोरा होतो. जीपीएसवाल्याला त्याच दिवशी सांगून त्या वेळेची वेगाची नोंद काढून घ्या, नंतर मिळेलच असं नाही. स्पीड गव्हर्नरचं, म्हणजे गाडीचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राचं, सर्टिफिकेट काढून ठेवा. गव्हर्नर मोकळा करून ठेवला असेल तर आधी तो जोडून घ्या, मग पुढचं बोलू. शेठचे ‘फ्लाइट आहे, लवकर पोचव’ असले मेसेज डिलीट करू नका. भरधाव चालवायला लावणाराही त्याच कलमात येतो.

मग आरटीओची नोटीस. ती लायसनवरच्या पत्त्यावर जाते. पत्ता गावचा आणि तुम्ही राहता पिंपरीत, मग नोटीस चुलत्याच्या कपाटात पडून राहते आणि सुनावणीची तारीख निघून जाते. पत्ता आणि मोबाइल नंबर आजच बदलून घ्या. सुनावणीला जा, म्हणणं लेखी द्या, पोच घ्या. न ऐकता लायसन निलंबित करता येत नाही. पहिल्या वेळी तीन महिने, पुढच्या वेळी थेट रद्द. या तीन महिन्यांत स्टिअरिंगला हात लावला तर दंड १०,०००.

आदेश पटला नाही तर अपील ३० दिवसांत. रिफ्रेशर ट्रेनिंग करून सर्टिफिकेट घ्या. घरखर्चाचं शेठशी आधीच बोला, नंतर तो फोन उचलत नाही. लायसन परत आलं की सारथीवर स्टेटस बघा, बॅज तपासा, मगच ट्रिप घ्या. आणि पावतीवरचा कंसातला आकडा.