पावसाळ्यात कुंभारजुवे कालव्याकाठून बार्जची छायाचित्रे कशी घ्यावीत

गोव्यातील खाणींचे लोहखनिज वाहणाऱ्या बार्जचे, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटीचे, छायाचित्र घ्यायचे असेल तर पणजीला मांडवीकाठी उभे राहावे, हा सल्ला कोरड्या महिन्यांपुरता ठीक आहे. पावसाळ्यात आग्वादजवळ वाळूचा दांडा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा यांमुळे मांडवीचे मुख वाहतुकीला बंद होते, आणि वरच्या अंगाने येणाऱ्या बार्जेस मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव बंदराकडे जातात. म्हणून त्या दिवसांत कालव्यावरील बाणस्तारी किंवा गवंडाळी या गावांचा काठ गाठावा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यापासून वाहतुकीचा पूर्वीचा भरवसा राहिलेला नाही. तेव्हा आदल्या दिवशी काठावरच्या लोकांकडे चौकशी करावी आणि भरतीची वेळ पाहून ठेवावी, कारण भरलेल्या बार्जला उथळ कालव्यात भरतीच्या पाण्याचा आधार लागतो.

कालव्याचा मोठा फायदा म्हणजे त्याची अरुंदी. पावसाळी हवेत अंतर वाढले की चित्र धुरकट होते, आणि कितीही महागडी टेलिलेन्स लावली तरी मधला ओलसर पडदा काही हटत नाही. त्यामुळे लांबून ओढून घेण्यापेक्षा जवळ उभे राहून ७० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने काम भागवावे. मात्र जवळ म्हणजे अगदी पाण्याच्या कडेला नव्हे. कालव्यात मगरी आहेत, चिखल निसरडा असतो आणि बार्ज गेल्यावर लाट काठावर चढते. विजा चमकू लागल्या तर सरळ गाडीत जाऊन बसावे.

बार्जची गती संथ असल्याने शटरचा वेग पावसाकडे पाहून ठरवावा. १/१२५ सेकंदाला पावसाच्या रेघा उमटतात, १/५०० ला त्यांचे ठिपके होतात; मुसळधार सरीत मला रेघाच अधिक खऱ्या वाटतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० पर्यंत नेण्यास कचरू नये. उजळ, करड्या आभाळाला फसून कॅमेरा चित्र काळवंडून टाकतो, म्हणून एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे, मात्र आभाळ पांढरेफटक होत नाही ना, हे पाहावे. ऑटोफोकस समोरच्या थेंबांवर अडकत असेल तर सुकाणूघराच्या खिडकीची कड पकडून फोकस तेथेच कायम करावा. भरलेली बार्ज इतकी खोल बसलेली असते की पाणी डेकच्या कडेशी खेळत राहते आणि मागचे सुकाणूघर तेवढे उंच उठून दिसते. ते खारफुटीच्या हिरव्या झुडपांमागून मोकळे होईल त्या क्षणी बटण दाबावे. पावसाळी चित्रे कृष्णधवल करण्याचा मोह अनेकांना होतो, पण येथील गढूळ तांबूस पाणी आणि गंजलेले पोलाद यांचे रंग घालवणे मला पटत नाही.

सर्वांत चांगली वेळ एक सर ओसरून दुसरी येईपर्यंतची असते. तेवढ्या अवधीत धुतलेली हवा पलीकडचा काठही स्वच्छ दाखवते. म्हणून भर पावसात छत्रीखाली, लेन्सहूड लावून आणि प्लॅस्टिकचे आवरण चढवून तयार उभे राहावे, लेन्स मुळीच बदलू नये आणि पुसायला कोरड्या सुती कापडाचे दोनतीन तुकडे खिशात ठेवावेत. वातानुकूलित गाडीतून उतरताच कॅमेरा उघडल्यास काचेवर बाष्प धरते. तो बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा. घरी परतल्यावर कॅमेरा आणि लेन्स पंख्याखाली वाळवून मगच सिलिका जेलच्या डब्यात ठेवावीत, कारण ओल्या पिशवीत राहिलेल्या लेन्सला कोकणच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.