सोमवारी संध्याकाळी कुणीच आलं नाही

इंडियानातल्या एका विद्यापीठात एमएस करताना मी सोरॉरिटीतल्या, म्हणजे तिथल्या विद्यार्थिनींच्या एकत्र राहणाऱ्या संघटनेतल्या, मुलींसाठी पहिला बायबल अभ्यास ठेवला, तो सोमवारी संध्याकाळी सात वाजता. पंधरा जणींना निरोप दिला होता, शिरा करून नेला होता. कुणीच आलं नाही. नंतर कळलं, सोमवारी त्यांची चॅप्टर मीटिंग, म्हणजे त्यांच्या शाखेची सभा, असते आणि ती चुकवली तर दंड पडतो. मी नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेली. रविवारची उपासना आणि आठवड्यातली एक प्रार्थनासभा या हिशेबाने मी वेळ ठरवली. त्यांचा आठवडा कसा जातो हे विचारलंच नव्हतं.

म्हणून अशा संघटनांतल्या मुलामुलींमध्ये ख्रिस्ती सेवा करू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: आधी त्यांचं कॅलेंडर मागून घ्या. रश म्हणजे नव्या सभासदांची निवड, बिड डे म्हणजे निवडीचं आमंत्रण मिळण्याचा दिवस, होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा सोहळा, फॉर्मल म्हणजे नटूनथटून जायची नाचाची पार्टी, आणि परीक्षा. रशच्या आठवड्यात मुली रडकुंडीला आलेल्या असतात. कुणाला हव्या त्या घराने (प्रत्येक सोरॉरिटीला 'घर'च म्हणतात) घेतलेलं नसतं, कुणाची मैत्रीण दुसऱ्या घरात गेलेली असते. तेव्हा सभा ठेवू नका. जेवायला बोलवा आणि ऐका.

फ्रॅटर्निटी मुलांची, सोरॉरिटी मुलींची, नावं ग्रीक अक्षरांची. ही प्रथा 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या फाय बीटा कॅपापासून धरतात. आपल्याला वाटतं, हे एक प्रकारचं हॉस्टेल. माझ्या मते ते घराण्याच्या जास्त जवळ आहे. नव्या मुलीला एक मोठी 'बिग' मिळते, ती तिची 'लिटल' होते, आणि त्या बिगची बिग म्हणजे चक्क आजी! भिंतीवर जुन्या तुकड्यांचे फोटो असतात, निवडून आलेले पदाधिकारी असतात, आणि शपथविधी बाहेरच्यांना सांगायचा नसतो. तो विधी कधीही विचारू नका. मी उत्सुकतेपोटी एकदा विचारला आणि समोरची मुलगी लगेच आक्रसली.

अनेक घरांमध्ये चॅप्लेनचं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या सभासदाचं, पद असतं, हे मला वर्षभराने कळलं. एखाद्या घरी ते जेवणापूर्वीच्या प्रार्थनेपुरतं उरलेलं असतं, पण पद असतं. अल्फा टाऊ ओमेगा ही फ्रॅटर्निटी तर 1865 साली, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, ख्रिस्ती बंधुत्वाच्या विचारातूनच सुरू झाली. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17 मध्ये पौल अथेन्समध्ये आधी शहरभर फिरतो, 'अज्ञात देवाला' अर्पण केलेली वेदी पाहतो आणि तिथून बोलायला सुरुवात करतो. मलाही चॅप्लेन झालेल्या मुलीपासूनच दार उघडलं. तिला स्वतःला प्रार्थना कशी करायची ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी स्तोत्रसंहितेपासून शिकलो.

एक चूक अजून सलते. एका मुलीला पार्ट्या, दारू, घरातल्या चढाओढी यांचा वीट आला होता. मी तिला म्हटलं, "सोडून दे ते घर." तिने घर सोडलं नाही, माझ्याकडे यायचं मात्र सोडलं. तिच्या घरातल्या चाळीस 'बहिणीं'पासून मी तिला तोडू पाहत होते आणि बदल्यात देत होते आठवड्यातला एक तास. मी तिची माफी मागितली. आजही तिच्यासाठी प्रार्थना करते. वेगळ्या ख्रिस्ती फ्रॅटर्निटीही आहेत, उदाहरणार्थ 1985 साली टेक्ससमध्ये सुरू झालेली बीटा उप्सिलॉन काय. त्यांचं काम चांगलं आहे. पण जिचं मन तिच्या घरात आहे, तिच्याकडे प्रभूही त्याच घरात येऊ शकतो, असं मला आता ठामपणे वाटतं.

परकी, सावळी, उच्चार वेगळा, माझं कोण ऐकणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. मग मला विल्यम्स कॉलेजची गोष्ट धीर देई. मॅसॅच्युसेट्समधल्या या कॉलेजात 1806 साली पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड बसून परदेशी सेवेसाठी प्रार्थना करत होते. पुढे 1808 मध्ये तिथे या ध्येयासाठी विद्यार्थ्यांची गुप्त मंडळी निघाली, तिचं नावच 'ब्रदरन', म्हणजे बंधू. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. माझ्या आजीची नगरची मंडळी त्याच मिशनची. त्या मुलींच्या टेबलावर बसताना मला वाटायचं, मी एक जुनं देणं फेडतेय.

व्यवहाराचं थोडं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर ही सेवा विनामोबदला करा आणि आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा. पूर्णवेळ काम करायचं तर धार्मिक सेवकांचा आर-वन व्हिसा लागतो. क्रू किंवा इंटरव्हर्सिटीसारख्या, कॉलेजांत काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थांत कार्यकर्त्याला स्वतःच्या खर्चासाठी देणगीदार स्वतः जमवावे लागतात. आईवडिलांना हे आधी समजावून सांगा.

आणि हेझिंग. नव्या मुलांना जबरदस्तीने दारू पाजणं, झोपू न देणं, मारहाण. यात मुलं मेली आहेत. कुणी तुम्हाला असं काही सांगू लागलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. कुणी बेशुद्ध पडलं असेल तर सगळ्यांत आधी 911 या आपत्कालीन नंबरवर फोन करा. डिसेंबर 2024 पासून अमेरिकेत याबद्दल केंद्रीय कायदा आहे; कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात. घराची अब्रू जाईल म्हणून मुलं गप्प बसतात. तक्रार करायला त्यांच्यासोबत विद्यापीठाच्या कार्यालयापर्यंत चालत जा, बाहेर थांबा, परत घेऊन या.

माझ्या शेवटच्या सत्रात अभ्यास त्यांच्याच बैठकीच्या खोलीत व्हायचा, बुधवारी रात्री साडेनऊला, पायजम्यात. चॅप्लेन वाचायची, दुसरी कुणी प्रश्न विचारायची. मी कोपऱ्यात बसायचे. शिरा मात्र दर वेळी मीच न्यायचे.