हलगीच्या ठोक्यावर चढणारी पंचगंगा: ॲनिमेशन आणि लाइव्ह म्युझिकचा शो कसा बसवायचा

हवामान बदलावर काहीतरी करूया म्हटलं की पोरं पहिल्यांदा बर्फावरचं पांढरं अस्वल काढायला घेतात. नको. आपल्याकडं कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आहे, पुराची पातळी तिथंच मोजतात. तिथं 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालापण पाठ असतं, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 च्या जुलैमध्ये 56 च्या वर, आणि हे ज्यानं माळ्यावर बसून काढलंय त्याला ग्राफ समजावून सांगावा लागत नाही. तेच आकडे धरा. पाणी एक फूट चढलं की हलगीचा ठेका बदलणार, सगळा शो त्याच्यावरच उभा राहतो.

ॲनिमेशनला महाग काही लागत नाही. चार विटा, त्यावर काच, काचेला खालून बटर पेपर, त्याखाली एलईडी बल्ब, आणि वरून स्टँडला मोबाईल, तोंड खाली. रंग म्हणून शाडू वापरा, कुंभार गल्लीत मिळतो. दह्याइतका पातळ कालवायचा आणि ग्लिसरीनचे चार थेंब टाकायचे, नाहीतर वाळून तडे जातात. पातळ थर तपकिरी दिसतो, जाड थर काळा, आणि पूर ओसरल्यावर भिंतीवर राहतो ना तो रंग, अगदी तोच. बोटानं घरं काढा, थोडा शाडू वर सरकवा, फोटो, परत थोडा, परत फोटो. मोबाईलचा फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका, नाहीतर चित्र लुकलुकतं.

सेकंदाला 12 फोटो धरले तर तीन मिनिटांचे 2160 होतात. घाबरू नका, पाणी नुसतं उभं आहे असे भाग भरपूर ठेवा, तिथं एकच फोटो ताणता येतो. आणि पुरात खरी भीती तीच असते, तासन्‌तास पाणी हलत नाही.

लय मात्र शूटिंगच्या आधी ठरवा. मिनिटाला 90 ठोके धरले की दर 8 फोटोंना एक ठोका येतो, 120 धरले की दर 6 ला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिल्म सलग लावू नका. आमच्या पहिल्या तालमीत सलग लावली होती, हलगीवाला रंगात आला, पडदा पुढं निघून गेला आणि धोक्याची पातळी येऊन गेली तरी ठेका 39 वरच. मग आम्ही फिल्मचे सहा तुकडे केले, प्रत्येकाचा शेवटचा फोटो थांबून राहतो, हलगीवाल्यानं मान हलवली की लॅपटॉपवरचा माणूस पुढचा तुकडा सोडतो. पडद्यानं वाजवणाऱ्याची वाट बघायची, उलटं नाही.

विज्ञान सांगायला निवेदक लागत नाही. दमट हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज बद्द येतो, म्हणून ती जाळावर शेकतात. आम्ही सुरुवातच तिथून करतो: अंधार, सैल हलगीचे चार ठोके, मग शेकणं (शेजारी पाण्याची बादली ठेवाच), मग तोच ठोका कडक. आणि पडद्यावर एकच ओळ, हवा 1 अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. लोकांना लगेच कळतं की पाऊस हल्ली पडत का नाही, ओततो का.

पेटी असेल तर अजून छान. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून कार्बन डायऑक्साईड मोजतात, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर. उत्तरेकडची झाडं उन्हाळ्यात तो ओढून घेतात, हिवाळ्यात परत सुटतो, त्यामुळं त्याच्या ग्राफची रेघ श्वास घेत घेत चढते. पेटीचा भाता तसाच चालवा आणि सूर हळूहळू वर न्या.

पण पूर फक्त तापमानवाढीमुळं आला असं दाखवू नका, ते खोटं होईल. नदीकाठचे भराव, पूररेषेतली बांधकामं, धरणांचा विसर्ग, हेही काचेवर यायला पाहिजे.

शो मे महिन्यात लावा, पावसाच्या आधी, तालमीच्या हॉलमध्ये किंवा चौकात पांढरा कपडा बांधून. हलगीला माइक देऊ नका. संपल्यावर लगेच लाइट लावू नका, थोडं थांबा, मग पडद्याशेजारी खडू ठेवा आणि आपल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ती रेघ ज्याला त्याला भिंतीवर ओढू द्या. एका मावशींनी हात पुरेना म्हणून खुर्ची मागितली होती. त्या भिंतीचा फोटो काढून ठेवा, पुढच्या शोचा पहिला तुकडा त्या रेघांचाच करायचा.