लग्नाचं शूटिंग शिकताय? या चुका टाळा

लग्नाच्या शूटिंगमधल्या चुका एकाच कसोटीवर तपासाव्यात: मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला, बसल्यावर ही चूक सावरता येते का? रंग थोडा पिवळट आला, फ्रेम जरा कलली, मामांचं कोपर मध्ये आलं, तर ते निस्तरता येतं. मंगलाष्टकांचा आवाज फाटला, चित्रभर काळे पट्टे सरकत राहिले, कार्ड वाचलंच गेलं नाही, तर काहीच हातात राहत नाही. नवरा-नवरीला पुन्हा अंतरपाटाआड उभं करता येत नाही. नवशिक्यांचा वेळ मात्र नेमका पहिल्या प्रकारच्या चुकांवर जातो: कुठली लेन्स, कुठला गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा), कुणाचा कलर प्रीसेट (तयार रंगसेटिंग). म्हणून इथे आधी दुसऱ्या प्रकारच्या चुका घेतल्या आहेत.

आवाज

सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं, कारण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आवाज दिसत नाही. कॅमेऱ्याचा अंगचा माइक दहा फुटांवरून भटजींऐवजी शेजारच्या काकूंची चौकशी टिपतो. आवाज बोलणाऱ्याच्या जवळूनच घ्यावा लागतो. तो किमान दोन स्वतंत्र ठिकाणी रेकॉर्ड व्हायला हवा.

पहिली जागा म्हणजे साउंडवाल्याचा मिक्सर. भटजींचा आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांचा माइक तिथेच येतो, त्यामुळे आवाज स्वच्छ मिळतो. चूक होते ती वायर थेट कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटमध्ये खुपसण्याची. मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरकस असतो. कॅमेऱ्याचा सॉकेट नाजूक माइक सिग्नलसाठी असतो. तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. लाइन इनपुट असलेला छोटा रेकॉर्डर मिक्सरपाशीच ठेवा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर करा. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान राहील (शून्याला आवाज फाटतो) अशी लेव्हल लावा. साउंडवाला ऐन वेळी मास्टर वाढवतो, म्हणून उणे १२ च्या बाजूला राहिलेलं बरं. ३२ बिट फ्लोट (अगदी लहान ते खूप मोठा आवाज साठवू शकणारा) रेकॉर्डर असेल तर लेव्हलची चिंता बरीच कमी होते, पण तिथेही इनपुटच्या मर्यादेपलीकडचा सिग्नल फाटतोच. आणि कार्यालयात पोचल्या पोचल्या साउंडवाल्याशी चार शब्द बोलून घ्या. मुहूर्ताला दहा मिनिटं असताना वायर मागणाऱ्याला कोणी दाद देत नाही.

दुसरी जागा म्हणजे नवऱ्या मुलाच्या अंगावरचा वायरलेस माइक. स्वस्त वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी उत्तम होते. पाचशे माणसं आणि पाचशे मोबाइल आले की आवाज तुटायला लागतो, कारण माणसाचं शरीरही ही लहर शोषून घेतं. म्हणून ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा संच घ्या आणि ते रेकॉर्डिंग चालू करायला विसरू नका. शेरवानीवर माइक दुसऱ्या बटणाजवळ लावा आणि वायरचा एक सैल वेढा आतून चिकटपट्टीने धरा. नुसता लटकवलेला माइक जरीवर घासून खरखरतो. मुलगा सोवळं नेसायला किंवा कपडे बदलायला गेला की माइक काढलेल्या शेरवानीसोबत खोलीतच राहतो, हेही गृहीत धरा. दर पोशाखाला माइक बदलण्याचं काम एका माणसाच्या नावावर लावून द्या.

वायरलेस जोडूनही कॅमेऱ्यात आवाज येत नसेल तर आधी वायर पाहा. टोकावर दोन काळे पट्टे असलेली वायर कॅमेऱ्याची, तीन पट्टेवाली मोबाइलची. चुकीची लावली की आवाज येतच नाही किंवा नुसती घरघर येते. कॅमेऱ्यातला ऑटो गेन (आवाजाची लेव्हल आपोआप वाढवणं-घटवणं) बंद ठेवा, नाहीतर शांततेत तो पंख्याचा आवाज ओढून वर आणतो. हेडफोन कानाला लावूनच शूट करा. मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नाही.

वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जुळवताना तासाभरात एखाद-दोन फ्रेमचा फरक पडू शकतो, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. लांब क्लिप सुरुवातीला जुळली म्हणून शेवटीही जुळेल असं धरू नका. मधे कापून पुन्हा जुळवा.

पट्टे आणि लुकलुक

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून कार्यालयातल्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये असे बरोबर दोन हेलकावे मावतात, १/१०० ला एक. सगळ्या फ्रेम सारख्या उजळतात. १/६० ला पूर्ण हेलकावे मावत नाहीत आणि आडवे पट्टे चित्रावरून सरकू लागतात. मेनूमध्ये एनटीएससी (६० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) असेल तर कॅमेरा सेकंदाला २५ आणि ५० ऐवजी ३० आणि ६० फ्रेम दाखवतो आणि नवशिके सवयीने १/६० लावतात. पाल (PAL, ५० हर्ट्झची पद्धत) निवडा, २५ फ्रेम आणि १/५० लावा. काही कॅमेऱ्यांत हा बदल केल्यावर कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, म्हणून हे घरीच उरकावं.

हॉलमध्ये स्लो मोशन हवं असेल तर ५० फ्रेम आणि १/१००. १२० फ्रेमला शटर १/१२० पेक्षा हळू ठेवताच येत नाही, म्हणून ती उघड्यावर दिवसाच वापरावी. स्टेजमागची एलईडी वॉल आणि रंगीत पार लाइट यांची लुकलुक मात्र वेगळ्याच वेगाने चालते, तिथे १/५० सुद्धा पुरेलच असं नाही. कॅमेऱ्यात शटर दशांशाने बदलायची सोय असेल तर पट्टे थांबेपर्यंत ते सरकवा. नसेल तर वॉलचा उजेड कमी करायला सांगा किंवा ती फ्रेममधून टाळा. दिवे लागल्यावर दहा सेकंदांची क्लिप घेऊन मोठी करून पाहणं हाच खात्रीचा उपाय.

फोटोग्राफरच्या फ्लॅशने फ्रेमचा अर्धाच भाग पांढरा होतो, ती कॅमेऱ्याची बिघाडी नव्हे. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि फ्लॅश मधेच पडतो. खराब झालेली एक-दोन फ्रेम काढून शेजारची फ्रेम तिथे लावा, प्रेक्षकाला कळत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ऊन. शटर १/५० वर बांधलं की आयएसओ १०० आणि एफ २.८ ला भर उन्हातलं चित्र साधारण सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजळतं, म्हणजे एनडी ६४ (उजेड ६४ पट कमी करणारा काळसर फिल्टर) लागतो. लॉगमध्ये (नंतर रंग चढवण्यासाठी फिकं चित्र घेण्याच्या सेटिंगमध्ये) आयएसओ ८०० असेल तर नऊ स्टॉप. एनडी नाही म्हणून शटर १/२००० केलं की वरातीतला नाच झटके दिल्यासारखा दिसतो. लॉनवरच्या गोरज मुहूर्ताला उलटं होतं: उजेड मिनिटागणिक पडतो आणि सकाळचा एनडी लेन्सवर तसाच राहतो. आणि ८ बिट (कमी रंगछटा साठवणाऱ्या) कॅमेऱ्यात लॉग वापरूच नका. रंग ओढताना भिंतींवर आणि आकाशात पायऱ्या पडतात.

फोकस आणि रंग

अंतरपाट धरला की ऑटोफोकस सरळ कापडावर जातो, आणि तो खाली आल्यावर चेहऱ्यावर यायला जो सेकंद लागतो तोच नेमका हवा असतो. त्याआधी मुलाच्या किंवा मुलीच्या चेहऱ्यावर फोकस करून मॅन्युअल करा. अक्षतांच्या वर्षावातही हेच. फुलफ्रेमवर ५० मिमी लेन्सने दोन मीटरवरून एफ १.८ ला शूट केलं तर जेमतेम १७ सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते. मुलगी स्पष्ट, मुलगा धूसर. एफ ४ ला तीच सुमारे ३८ सेंटिमीटर होते.

ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कॅमेऱ्यानेच ठरवणं) पिवळ्या मांडवाखाली दर पॅनला रंग बदलतो. हळदीला तर तो गोंधळतोच. केल्विन (उजेडाच्या रंगाचा) आकडा हाताने लावा आणि सगळ्या कॅमेऱ्यांत तोच ठेवा. चुकला तरी सगळीकडे सारखा चुकलेला रंग एका फटक्यात सुधारतो.

एक कॅमेरा जागेवरच

दोघेही कॅमेरामन गिंबल घेऊन नवरीभोवती फिरतात आणि कन्यादानाचा अर्धा विधी कुणाकडेच नसतो, हे फार होतं. एक कॅमेरा ट्रायपॉडवर, वाइड, न थांबवता चालू. पहिल्या मंगलाष्टकापासून हार घातले जाईपर्यंत त्याचं बटण कोणी दाबायचं नाही. सिनेमॅटिक शॉट दुसऱ्याने घ्यावेत. घरच्या मंडळींना तीन मिनिटांची हायलाइट आवडते, पण आजीला कानपिळी पूर्ण पाहायची असते, आणि पैसे देणारे बहुतेकदा आजीच्या बाजूचे असतात.

जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, ते आधी तपासा. मेच्या उन्हात ४के शूट करताना कॅमेरा तापून बंद पडतो. स्क्रीन बॉडीपासून दूर उघडी ठेवा, तापमानमर्यादेची सेटिंग असेल तर ती हायवर करा आणि ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यावर सावली धरा.

कार्ड

१०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ एमबी) म्हणजे तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड जेमतेम सव्वा तास चालतं. दिवसभरात चार तास रेकॉर्डिंग झालं तर एका कॅमेऱ्याला १८० जीबी लागतात. खरेदी याच हिशेबाने करा. व्ही३० कार्ड सेकंदाला किमान ३० एमबी लिहितं आणि १०० एमबीपीएसला तेवढं पुरेसं आहे. ऐन विधीत रेकॉर्डिंग आपोआप थांबत असेल तर बहुतेक वेळा कार्ड संथ किंवा नकली असतं. नवीन कार्ड एकदा पूर्ण भरून, परत वाचून पाहिल्याशिवाय लग्नात नेऊ नका. नकली कार्ड निम्मं भरेपर्यंत नीट वागतं.

दोन स्लॉट असतील तर दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करा. लाल दिवा विझण्याआधी बॅटरी काढू नका. भरलेली कार्डं वेगळ्या डबीत ठेवा आणि ती डबी बॅगेत नव्हे, खिशात. घरी आल्यावर कार्डातले सगळे फोल्डर जसेच्या तसे दोन वेगवेगळ्या डिस्कवर घ्या, चार-पाच क्लिप उघडून पाहा आणि मगच कार्ड फॉरमॅट करा. फुटेज चुकून उडालंच तर त्या कार्डावर एकही नवी क्लिप घेऊ नका. वर काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत येतं.

मिक्सिंग आणि देणं

एडिटिंगची टाइमलाइन २५ फ्रेमवर ठेवा. ५० फ्रेमचं फुटेज ५० टक्के वेगाने मऊ चालतं. ३० फ्रेमचं फुटेज २५ वर टाकलं की पॅनमध्ये हिसके दिसतात. नातेवाइकांनी दिलेल्या मोबाइल क्लिपचा आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो, कारण मोबाइल फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने आधी कॉन्स्टंट फ्रेम रेट (फ्रेमचा एकसारखा वेग) करून घ्या.

‘पेनड्राइव्ह टीव्हीवर चालत नाही’ हा फोन ठरलेला. जुने टीव्ही एक्सफॅट (पेनड्राइव्ह फॉरमॅटचा एक प्रकार, फॅट३२ हा दुसरा) वाचत नाहीत आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ८ एमबीपीएसने काढलेली तीन तासांची फिल्म जवळपास ११ जीबी होते. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न असे तासाच्या आतले भाग करा आणि फॅट३२ वर द्या.

ऑर्डर घेताना

तोंडी ठरलेल्या कामात भांडण होतं ते रकमेपेक्षा ‘त्यात हेही होतं ना?’ या प्रश्नावर. किती दिवस, किती तास, किती माणसं, हायलाइटची लांबी, किती वेळा बदल करून देणार, जादा तासाचे किती, प्रवास कुणाचा, हे सगळं एका कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून समोरून होकार घ्या. बुकिंगला ३० टक्के, लग्नाच्या दिवशी सकाळी ५०, फायनल देताना २० अशी विभागणी चालते. शेवटी ५० टक्के ठेवलेत तर घरातल्या प्रत्येकाचा एकेक बदल येत राहील. दर ठरवताना फक्त शूटिंगचे दिवस मोजणं ही नेहमीची चूक. दोन दिवसांच्या कामामागे मिक्सिंगचे आठ-दहा दिवस सहज जातात, शिवाय दुसऱ्या माणसाची मजुरी आणि डिस्क. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागते.

रीलवरून तर हमखास बिनसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करवून घेणारा असतो. म्हणजे तुम्ही शूट केलेली रील तुमच्या पेजवर टाकायला काम देणाऱ्या घरची लेखी परवानगी हवी. त्याच कागदात ती मागून घ्या. सिनेमाचं गाणं लावलेली फिल्म यूट्यूबवर म्यूट किंवा ब्लॉक होऊ शकते, म्हणून ऑनलाइन टाकायची आवृत्ती परवाना असलेल्या संगीतावर वेगळी काढा.

ड्रोन ‘फुकटात’ कबूल करू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायला पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनची नोंदणी लागते. जागा कुठल्या झोनमध्ये येते ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आधी पाहावं लागतं. प्रमाणपत्रधारक माणूस वेगळा बोलवा आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवा.

दोन्ही बाजूंकडून एकेक माहीतगार माणूस मागून घ्या, जो आत्या कोण आणि मावशी कोण ते बोट दाखवून सांगेल. आणि कागदाच्या तळाशी एक ओळ हवीच: फायनल दिल्यानंतर अमुक दिवसांनी रॉ (मूळ, न कापलेलं) फुटेज डिस्कवरून काढलं जाईल. ती नसेल तर तीन वर्षांनी कुणीतरी फोन करून आजोबांची क्लिप मागतं आणि ती जपून ठेवणं तुमचीच जबाबदारी होती असं धरून चालतं.