जुन्या फोर बाय फोरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलायचा असेल तर

"गिअरबॉक्स गेला" हे निदान आपल्याकडे फार पटकन होतं. गाडी डी मध्ये टाकली की जरा रेंगाळून ओढते, वरचा गिअर घेत नाही, रविवारी सिंहगडाच्या चढावर रांगेत सरकताना नुसतं इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. लक्षणं खरी असतात, पण दोष दर वेळी खोलवर असतोच असं नाही. ट्रान्सफर केससकट, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यासकट, ते धूड १०० किलोच्या पुढे जातं. ते उतरवण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या.

आधी ऑइल बघा. गाडी गरम, जागा सपाट, इंजिन चालू आणि लिव्हर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथे, म्हणजे कुठे पार्किंगला तर कुठे न्यूट्रलला. डिपस्टिकवरचं ऑइल काळपट असेल आणि करपल्यासारखा वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेट्स जळाल्या आहेत. सोलकढीसारखं गुलाबी-दुधट दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरला भोक पडून पाणी ऑइलमध्ये शिरलंय. मग गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं चेंबर उघडून आतलं चुंबक पाहा. त्यावरचा राखाडी गाळ नेहमीचाच, पण पितळी किंवा पोलादी चकत्या दिसल्या तर आत काहीतरी तुटलंय.

गाडीच्या कंट्रोल युनिटमधले दोष वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय मात्र कुठलाच निर्णय घेऊ नका. चाकणला जुळणी झालेल्या रेक्स्टन एसयूव्हीच्या ऑटोमॅटिकमध्ये मर्सिडीजचा पाच गिअरचा बॉक्स असायचा. या घराण्याचं एक जुनं दुखणं आहे: गिअरबॉक्सच्या कडेला बसणाऱ्या गोल इलेक्ट्रिक कनेक्टरचा रबर ओ-रिंग कडक होतो, ऑइल वायरिंगमधून झिरपत थेट कंट्रोल युनिटपर्यंत चढतं आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते. त्यावर औषध म्हणजे नवा कनेक्टर आणि वायरिंगची सफाई, गिअरबॉक्स नव्हे. आणि गाडी कुठल्याच गिअरमध्ये हलत नसेल तर ट्रान्सफर केस न्यूट्रलला तर पडलेली नाही ना, हे आधी पाहा. हसू नका, होतं असं.

बदलायचंच ठरलं तर बॉक्स निवडताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, बॉक्सच्या पट्टीवरचा कोड जुळवा. फोर बाय टूचा, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा बॉक्स वरकरणी तसाच दिसतो, पण त्याचा मागचा शाफ्ट आणि ट्रान्सफर केस बसायचा भाग वेगळा असतो. जुना बॉक्स घेत असाल तर त्याचं चेंबर तुमच्यासमोर उघडायला लावा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठा. ऑइल सील, पाइप, क्लिपा या गोष्टी पुण्यात नाना पेठेत मिळून जातात. इंजिनचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग याच कामात नवं टाका, कारण नंतर नुसत्या सीलसाठी सगळा बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

उतरवण्याचं काम कष्टाचं, पण त्यात गूढ काही नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी रॅम्पवर किंवा मजबूत स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कुणीही शिरायचं नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्हींचं ऑइल काढा. पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर रंगाची खूण करा, तसेच बसवले नाहीत तर गाडी थरथरते. मग लिव्हरचे दांडे, कनेक्टर, कूलरचे पाइप, स्टार्टर आणि आड येणारा सायलेन्सरचा तुकडा काढा. कनेक्टरांचे फोटो काढून ठेवा. खालच्या झाकणातून टॉर्क कन्व्हर्टरचे, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या गोल भांड्याचे बोल्ट एकेक करून सोडा, त्यासाठी क्रँकची पुली पान्याने फिरवत राहावी लागते. इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावा, गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर पट्ट्याने बांधा, मगच त्याला खालून तोलणारा आडवा क्रॉस मेंबर सोडा. बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्सच्या इंजिनला जोडलेल्या तोंडाचे वरचे बोल्ट हाताला लागत नाहीत, त्याला लांब एक्स्टेन्शन हवंच. बॉक्स सरळ मागे ओढा आणि कन्व्हर्टर त्याच्याबरोबरच बाहेर येऊ द्या.

आता दोन ठिकाणी घाई चालणार नाही.

पहिलं, कूलर. जुन्या बॉक्सचा सगळा चुरा पाइपांत आणि कूलरमध्ये बसलेला असतो. नवा बॉक्स चालू झाला की तोच चुरा त्याच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइल वळवून गिअर बदलणाऱ्या भागात जातो. क्लीनर उलट दिशेने सोडून, हवा मारून, पांढऱ्या फडक्यावर काहीच येईनासं होईपर्यंत धुवा. जुना बॉक्स चकत्या टाकून गेला असेल तर मी धुण्याच्या भानगडीत पडणार नाही, सरळ नवा कूलर बसवेन. ऑइलमध्ये पाणी निघालं असेल तर रेडिएटरही बदलायचाच.

दुसरं, कन्व्हर्टर. त्यात थोडं नवं ऑइल ओता, शाफ्टवर चढवा आणि आत दाबत हळूहळू फिरवा. तो टप्प्याटप्प्याने आत जातो आणि प्रत्येक टप्प्याला हाताला खट्ट जाणवतं. शेवटच्या टप्प्यात त्याचा दट्ट्या पंपाच्या खाचेत बसतो. तो बसला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली मोजा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. बॉक्स वर चढवल्यावर तो इंजिनला हातानेच पूर्ण टेकला पाहिजे आणि कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. बोटभर फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ती मिटवायला गेलात, तर इंजिन चालू व्हायच्या आतच पंप फुटतो. अशा वेळी मुकाट्याने बॉक्स खाली घ्या आणि पुन्हा बसवा. चढवण्याआधी फ्लेक्स प्लेटला, म्हणजे कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात त्या इंजिनच्या पातळ तबकडीला तडा नाही ना, तेही बघून घ्या.

बाकी जोडणी उलट क्रमाने, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने. ऑइलचा ग्रेड ठरलेलाच घाला. मित्सुबिशीच्या जुन्या बॉक्सना एसपी थ्री, टोयोटाच्या काही बॉक्सना टी फोर आणि नंतरच्यांना डब्ल्यूएस लागतं. टी फोरच्या जागी डब्ल्यूएस चालत नाही. "लाल आहे ना, चालतंय" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. आधी चार-पाच लिटर भरा, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ थांबा, मग पातळी बघत बाकीचं घाला. डिपस्टिक नसलेल्या बॉक्सला बाजूच्या बोल्टमधून, मॅन्युअलने दिलेल्या तापमानालाच पातळी बघायची असते. ट्रान्सफर केसचं ऑइल वेगळं, ते विसरू नका. इंजिन फक्त पार्किंग आणि न्यूट्रलमध्येच सुरू होतंय ना पाहा. इलेक्ट्रॉनिक बॉक्स असेल तर जुन्याची शिकलेली मूल्यं स्कॅनरने पुसून टाका.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, रिकाम्या वेळी. गिअर नीट पडले, गळती नसली, की मग कात्रज घाट. वर पोचल्यावर स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघा: ८० ते ९५ अंशांच्या आसपास असेल तर निर्धास्त, १२० कडे सरकत असेल तर गाडी थांबवा आणि कूलरच्या पाइपांतून प्रवाह येतोय का ते तपासा. फोर व्हील मात्र डांबरावर लावून बघू नका. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरतीच लावायची यंत्रणा कोरड्या रस्त्यावर आवळली जाते आणि नव्या बॉक्सवर नको तो ताण येतो. ती चाचणी मातीच्या मोकळ्या मैदानात, आधी हाय, मग गाडी थांबवून लो. शंभरेक किलोमीटर झाले की परत रॅम्पवर घ्या, पाइपांचे जोड आणि चेंबरची कड कोरडी आहे का बघा, क्रॉस मेंबरचे बोल्ट पुन्हा तपासा.