मराठी चित्रपटाचा ट्रेलर कापताना या चुका टाळा

ट्रेलरचा पहिला कट दिग्दर्शक, लेखक आणि निर्माते एका खोलीत बसून बघतात तेव्हा तो सगळ्यांना कळतो, आवडतोही. गोष्ट त्यांना पाठ असते. ट्रेलर मात्र ज्याला त्या गोष्टीचा गंधही नाही त्याच्यासाठी असतो. बहुतेक चुका एवढंच विसरल्यामुळे होतात.

एका कौटुंबिक चित्रपटाचा ट्रेलर आम्ही असाच खुशीत पास केला होता. त्या रात्री मिरजेची मावशी घरी मुक्कामाला होती. तिच्याच फोनवर तो लावून दिला. चष्मा सावरत तिने पूर्ण बघितला आणि म्हणाली, "छान आहे रे. पण तो निळ्या शर्टातला तिचा नवरा का दीर?" दोन मिनिटं चाळीस सेकंदांत आम्ही अकरा पात्रं कोंबली होती. सगळा चित्रपट ज्या नात्यावर उभा, तेच तिला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सात पात्रं काढली आणि त्या दोघांचा जेवतानाचा एक प्रसंग सलग अठरा सेकंद ठेवला. ती भात वाढते, तो 'पुरे' म्हणत नाही, ती वाढतच राहते. नातं सांगायला एकही संवाद लागला नाही.

तेव्हापासून कट झाला की तो गोष्ट माहीत नसलेल्या चार जणांना त्यांच्याच फोनवर दाखवतो. आधी काही सांगत नाही. नंतर दोनच प्रश्न: ही कुणाची गोष्ट आहे आणि तो किंवा ती कशात अडकली आहे? उत्तर अडखळत आलं तर कट पुन्हा एडिटिंगच्या टाइमलाइनवर. 'ट्रेलर आवडला का?' हे विचारूच नका. आपली माणसं 'हो'च म्हणणार.

सगळी गोष्ट सांगून टाकणं

निर्मात्याची धास्ती मी समजू शकतो. पैसा लावलाय, क्लायमॅक्सला तीनशे माणसं उभी केली, ड्रोन उडवला, मग ते दाखवायचं नाही? पण ओळख, प्रेम, भांडण, संकट आणि पावसातला शेवट असा चित्रपटाच्याच क्रमाने कापलेला ट्रेलर म्हणजे सारांश होतो. तो बघून माणूस तृप्त होतो आणि तिकीट काढत नाही.

रहस्यपटांसाठी प्रसिद्ध दिग्दर्शक हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको'च्या ट्रेलरसाठी चित्रपटातले प्रसंग जवळजवळ वापरलेच नाहीत. सहा मिनिटांहून जास्त वेळ तो स्वतः सेटवरून फिरतो, जिने आणि खोल्या दाखवतो, काहीतरी सांगता सांगता थांबतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकतो आणि बाई किंचाळते. ती बाईसुद्धा चित्रपटात त्या प्रसंगात असलेली जॅनेट ली नाही, केसांचा टोप घातलेली, त्याच चित्रपटातली दुसरी अभिनेत्री व्हेरा माइल्स आहे. लपवण्यासाठी एवढे कष्ट घेतले होते.

माझा नियम साधा आहे. मध्यंतरानंतरचे शॉट घ्यायचेच असतील तर मागचापुढचा संदर्भ तोडून घ्यायचे. विनोदी चित्रपटात सर्वांत मोठा हशा ट्रेलरमध्ये कधीच खर्च करायचा नाही, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे विनोद द्यायचे. तुम्हाला सगळ्यात जास्त आवडणारा शॉट एकदा काढून बघा. त्याच्याशिवाय ट्रेलर उभा राहत असेल तर तो थिएटरसाठी राखून ठेवा.

जे नाही ते दाखवणं

२०१६ च्या 'फॅन' या हिंदी चित्रपटाच्या प्रोमोमध्ये एक गाणं होतं, चित्रपटात ते नव्हतंच. औरंगाबादच्या एका प्रेक्षक महिलेने ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो आदेश कायम ठेवला. अखेर एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रोमो म्हणजे प्रेक्षकाला दिलेलं करारातलं वचन नव्हे, त्यामुळे प्रोमोतलं गाणं चित्रपटात नसणं ही सेवेतली त्रुटी ठरत नाही, असा तो निकाल.

कायद्याने निर्मात्याची सुटका झाली. तरी एका तिकिटासाठी प्रेक्षक कोर्टाची पायरी चढतो, हे मला निकालापेक्षा जास्त लागतं. आपला मराठी चित्रपट शुक्रवारच्या प्रेक्षकाने घरी जाऊन काय सांगितलं यावर चालतो. गंभीर चित्रपटाला ढोलताशाचं म्युझिक लावून धमाल म्हणून विकलं, तर शनिवारी 'फसवलं' हाच शब्द फिरतो आणि सोमवारी शो कमी होतात.

यातलाच एक प्रकार भाषेचा. चित्रपट मालवणीत किंवा वऱ्हाडीत, पण 'पुण्या-मुंबईला कळणार नाही' म्हणून ट्रेलरपुरते संवाद प्रमाण मराठीत डब करतात. असं करू नका. बोलीतलं एक खणखणीत वाक्य, कळो न कळो, कानात राहतं. खाली सबटायटल द्या, बोली हलवू नका.

मोडकी देवनागरी

ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते. वर्षभराची मेहनत, रंगांचं सुंदर ग्रेडिंग, आणि शेवटच्या पाटीवर 'प्रदर्शित' शब्दाचा रफार सुटलेला, पहिली वेलांटी 'श'च्या उजवीकडे जाऊन बसलेली! कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असतं. ॲडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्सखाली आणि आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्तीत टाइपखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, मग नवीन टेक्स्ट लेअर घेऊन पुन्हा टाइप करा. जुना लेअर तसाच ठेवला तर मोडकी अक्षरं तशीच राहू शकतात. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर पेस्ट केल्यावर भलतीच चिन्हं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. शेवटी शुद्धलेखन जाणणाऱ्या एका माणसाला फक्त पाट्या वाचायला द्या, चित्र दाखवू नका.

तारखेची पाटी किमान तीन-चार सेकंद राहू द्या. फोन उभा धरून बघणाऱ्याच्या हातात चित्र जेमतेम सात सेंटीमीटर रुंद असतं. स्टुडिओच्या मॉनिटरवर झोकदार दिसणारी बारीक अक्षरं तिथे नुसती रेघ होतात.

आवाज आणि अपलोड

मिक्सिंग मोठ्या स्पीकरवर होतं, म्हणून खर्जातले ठोके छातीत बसतात. फोनच्या स्पीकरवर ते ऐकूच येत नाहीत आणि ज्या ठोक्यावर कट मारला तो कट पोकळ वाटतो. ठोक्यासोबत वरच्या सुराचा एखादा आवाज जोडा. ऑनलाइन ट्रेलर जास्तीत जास्त मोठा करण्याच्या नादी लागू नका. यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) वरचा आवाज स्वतःच खाली आणतं. मग तुमचा गोंगाट उतरतो आणि संवादातला चढउतार आधीच चिरडलेला असतो.

एडिट करताना तात्पुरतं लावलेलं परदेशी म्युझिक सगळ्यांच्या कानात बसतं आणि हक्क न घेताच शेवटपर्यंत राहून जातं. मग ऐन लाँचच्या संध्याकाळी कॉपीराइटचा दावा येतो, कधी व्हिडिओच अडकतो. यूट्यूबवर एकदा टाकलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. नवीन टाकली की व्ह्यूज, कमेंट आणि लोकांनी पुढे पाठवलेली लिंक सगळं गेलं. त्यामुळे फाइल दोन दिवस आधीच प्रायव्हेट टाकून ठेवा. कॉपीराइट तपासणी होते, एचडी तयार होतं आणि पाटीवरची चूकही कुणाच्या तरी नजरेला पडते.

थिएटरसाठी सगळं वेगळं. तिथे दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं, चित्रपटाचं चालत नाही. तो वेळ आधीच धरा. डीसीपी, म्हणजे थिएटरला द्यायची डिजिटल प्रत, सहसा सेकंदाला २४ फ्रेमची असते. शूटिंग २५ वर असेल तर बदल करताना आवाज ओठांपासून सरकलेला नाही ना, हे थिएटरमध्ये बसून, मागच्या रांगेतून बघा. सकाळच्या पहिल्या शोआधी दहा मिनिटं मागितली तर बहुतेक मॅनेजर देतात.